जावळ मामाच्याच मांडीवर

भिवपुरी, ता. कर्जत
२० मार्च २०२५

श्रीमती रोहिणीबाई विहीणबाई यांना अंबाबाईचा नमस्कार.

नमस्कार लिहिते, कारण लिहायची रीत आहे. परवा फोनवर तुम्ही "आवाज तुटतोय" म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. माझा आवाज आजवर कधी तुटलेला नाही. आमच्या ओढ्यापलीकडच्या शेतातली माणसंसुद्धा हे सांगतील. म्हणून हे पत्र. पत्र काही मधेच कापता येत नाही. सखा रोज टेंपोतून शिळफाट्याच्या बाजारात भाजी नेतो, त्याच्या हाती देते आहे.

शिमग्याला तुमची सुरभी, माझा राजेश आणि आमची नात आरोही गावी आली. नात गुटगुटीत आहे, दृष्ट लागावी अशी. तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या मुलाचं जे करून ठेवलंय त्याची.

सणाच्या दिवशी ओट्यावर आमची सगळी भावकी बसलेली. माझे थोरले दीर, चुलत सासरे, पाहुणे. सुरभी आत पोळ्या लाटत होती. इकडे पोरीने लंगोट भरला. राजेशने बायकोला हाक मारावी की नाही? नाही! स्वतः उठला, पोरीला आडवी घेतली, सगळ्यांच्या देखत तिचं ढुंगण धुतलं आणि तो लंगोट घेऊन नळावर निघाला. धुवायला! नळावर बायका पाण्याला उभ्या. त्यातली एक म्हणाली, "राजूदादा, आमची पन चार धुनी हायेत, घेतोस का?" आणि हा हसला. हसला हो! मी दारामागे उभी राहून ऐकत होते आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. शिमग्याची बोंब त्या दिवशी आमच्याच नावाने झाली.

आमच्यात थोरल्या माणसांसमोर बाप आपलं पोर उचलत नाही. रडलं तर आई घेईल, आजी घेईल, शेजारीण घेईल. आमच्या मालकांनी तीन पोरांपैकी एकालाही माझ्या सासऱ्यांसमोर हात लावला नाही. याला वळण म्हणतात. राजेशच्या हातात लंगोट बघून मालक जे उठले ते शेतावर गेले आणि जेवायलाच परत आले. मुलाशी बोलले नाहीत.

दुसरी गोष्ट. दिवसा कधीही फोन करा, राजेश घरी. सकाळी घरी, दुपारी घरी. विचारलं तर म्हणतो, सुट्टी आहे. सुरभीची बाळंतपणाची रजा संपून ती कंपनीत जायला लागल्यापासून याची सुट्टी सुरू आहे! असा कुठला कारखाना आहे, जो माणसाला एवढी सुट्टी देतो? मी काय दूधखुळी आहे? त्याचं काम सुटलंय आणि तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय. बायको कमावते आणि नवरा पोर खेळवतो, तेही सासूच्या दाराशी खोली घेऊन. मी सखाला सांगितलंय, राजेशसाठी तिकडे काहीतरी काम बघ.

वैशाखात आरोहीचं जावळ आमच्या गावदेवीच्या देवळात करायचं ठरलंय. सगळी भावकी येणार. पोर मामाच्या मांडीवर बसेल, तुमच्या साईराजला आत्तापासून सांगून ठेवा. आणि त्या दिवशी राजेशने पोरीला हात लावता कामा नये. एवढं एक ऐका. या गावात त्याला तोंड दाखवायचंय, आणि मलाही.

तुमची विहीण,
अंबाबाई


शिळफाटा, खोपोली
२५ मार्च २०२५

अंबाबाई,

सा. न. वि. वि. हे मी अंगणवाडीच्या अर्जांवरही लिहिते, तेव्हा त्यात फार माया शोधू नका.

तुमचं पत्र घेऊन सखा आला तो भर दुपारी. चाळीतल्या बायका दारात धान्य निवडत बसलेल्या. राजेशराव आरोहीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते. तिला दात येताहेत, झोपेला फार छळते. नुकताच तिचा डोळा लागला होता. आणि हा सखा दारातून ओरडतो, "राजेशदादा, तुमच्या आयनं सांगितलंय, तुमाला काम पायजे म्हनं. बाजारात गोनी उचलायला मानूस पायजे हाय, येता का?" पोर दचकून उठली. सगळ्या बायकांनी माना वळवल्या. राजेशराव एवढंच म्हणाले, "बघतो." आणि दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. सुरभीने कारण विचारलं तर म्हणाले, भूक नाही.

शाबास, अंबाबाई! शत्रूनेसुद्धा असं केलं नसतं. कमावत्या मुलाला तुम्ही भर शिळफाट्यावर बेकार ठरवलंत.

आता ऐका, म्हणजे वाचा. तुमच्या मुलाचं काम सुटलेलं नाही. ज्या कारखान्यात होते त्याच कारखान्यात, त्याच मशीनवर आहेत. त्यांनी कायमची रातपाळी मागून घेतली आहे. कारखान्यात रातपाळी कुणी मागत नाही, ती टाळायला माणसं साहेबांच्या पाया पडतात. यांनी मागितली, म्हणजे दिवसा मुलीजवळ राहता यावं. सकाळी ते कामावरून येतात तेव्हा सुरभी बसला निघालेली असते. रस्त्यातच एकमेकांना भेटतात. ती मूल यांच्या हातात देते आणि बसमध्ये चढते. हे रोजचं आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघते आणि रोज माझ्या मनात येतं, की माझ्या मुलीने मागच्या जन्मी काय पुण्य केलं असेल.

तुम्हाला हे का सांगितलं नाही? तुमच्याच पत्रात उत्तर आहे. पोरीसाठी रातपाळी घेतली, असं तुमच्या ओट्यावर सांगून बघा काय होतं ते. त्यापेक्षा बेकार म्हणवून घेणं त्यांना सोपं वाटलं असेल. तुमच्या मालकांनी, पोपटरावांनी, मुलाशी बोलणं टाकलं, तेही राजेशरावांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. तुमच्या पत्रातूनच समजलं.

साईराजला जावळाचं कळवते.

रोहिणी


भिवपुरी
३० मार्च २०२५

रोहिणीबाई,

आज पाडवा. गुढी उभारली, पुरण शिजवलं आणि मग हे पत्र लिहायला घेतलं, म्हणजे तोंडात थोडं तरी गोड असेल. तरी ते पुरेल असं वाटत नाही.

काम आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. सखाला दारात उभं करून सोलून काढला. मी चांगलं काम बघ म्हटलं होतं, गोणी उचलायचं नव्हे. तो म्हणतो, "काकी, तुमी कसलं ते बोलला नव्हता." मेल्याला सगळं बोलून दाखवायला लागतं.

पण मग मला सांगा, रात्रभर मशीनवर उभा राहणारा माणूस दिवसा झोपायचा की नाही? का त्याला देवाने वेगळे डोळे दिलेत? तुम्ही तीन दारं सोडून राहता. आजी आहात. तुम्ही सकाळी उठून काय करता, तर अंगणवाडीत जाऊन अख्ख्या शिळफाट्याची पोरं सांभाळता! त्यांना खिचडी घालता, त्यांची वजनं करता, त्यांची नाकं पुसता, आणि स्वतःची नात जावयाच्या गळ्यात! दिव्याखाली अंधार तो हाच.

आणि एक मला ठाऊक आहे, ते तुम्ही पत्रात शिताफीने गाळलंत. सुरभीची रजा संपायच्या आधी तुम्ही तिला शब्द दिला होता, की मी अंगणवाडी सोडेन आणि पोरीला बघेन. सुरभीने शिमग्याला पोळ्या लाटताना मला सांगितलं. तोंडातून निघून गेलं तिच्या. तो शब्द कुठे गेला? तुम्ही शब्द फिरवलात आणि माझा मुलगा रात्रीचा दिवस करतोय. वर मलाच शाबासकी!

त्याला एवढा निरोप सांगा की आई रागावली आहे. कशावर ते सांगू नका, त्याला कळेल.

अंबाबाई


शिळफाटा
५ एप्रिल २०२५

अंबाबाई,

हो. शब्द दिला होता. पाळला नाही. आणि पाळणारही नाही.

सुरभीचे वडील गेले तेव्हा ती सहावीत होती आणि साईराज तिसरीत. तेव्हापासून या अंगणवाडीनेच आमची चूल पेटती ठेवली. तुम्हाला तिथे नुसती खिचडी दिसते. गरोदर बायकांना घरोघर जाऊन बघणं, अशक्त पोरं शोधून त्यांच्यामागे लागणं, मोबाईलवर रोज सतरा ठिकाणी माहिती भरणं, हे सगळं दुपारनंतरचं. मी तिथे "बाई" आहे. रस्त्याने जाताना मोठी झालेली मुलं थांबून नमस्कार करतात. हे सोडून घरी बसायचं जिवावर आलं, पण म्हटलं, नात आहे, आजीने करायचंच असतं. राजीनामा लिहायला बसले. राजेशराव समोर होते. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणाले, "आई, तुम्ही कशाला सोडता? पोरगी माझी हाय. मी रातपाळी मागतो."

कोण जावई असं बोलतो? मला दाखवा एक, पुऱ्या खालापूर तालुक्यात. आणि या माणसाची तुम्हाला लाज वाटते, भावकीला तोंड कसं दाखवू म्हणता! पुरुषाने नोकरी धरून ठेवली की तो कर्तबगार, बाईने धरून ठेवली की ती शब्द फिरवणारी. तुम्हीही बाईच आहात, म्हणून जास्त राग येतो.

तुम्ही तरी का येत नाही? भात कधीच झोडून झालंय. म्हशीला पोपटराव चारा घालू शकत नाहीत का? एकदा न सांगता या. दुपारच्या आत या. आणि आपल्या मुलाला बघून जा.

जावळाचं म्हणाल तर माझं मत विचारा. साईराज माझा मुलगा, पण खरं ते बोलते. त्याने भाचीला बारशाला पाहिलं, चार फोटो काढले आणि पुण्याला गेला. त्यानंतर फिरकलेला नाही. त्याच्या मांडीवर ती का बसेल? बापाने मांडीवर घेतलं तर तुमच्या देवळाचा कळस पडणार आहे का?

रोहिणी


भिवपुरी
१३ एप्रिल २०२५

रोहिणीबाई,

आले होते. तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही अंगणवाडीत होतात, म्हणून भेट झाली नाही, आणि झाली नाही ते बरंच झालं. मी तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हते.

सखाच्या टेंपोतून उतरले आणि चाळीत शिरले. दार नुसतं लोटलेलं. फटीतून बघते तर राजेश मोरीत पाटावर बसलेला, पाय लांब केलेले, लुंगी मांडीपर्यंत खोचलेली, आणि पायांवर आरोही पालथी. तो तिला न्हाऊ घालत होता. तेल चोळून झालेलं होतं. एका हाताने तिचं कपाळ धरून दुसऱ्याने पाणी घालत होता, कानात थेंब जाऊ देत नव्हता. पोरगी रडत नव्हती, पाण्यावर हात आपटत होती. मी आयुष्यात किती पोरं न्हाऊ घातली असतील. त्यात खोड काढायला मला जागा सापडली नाही, आणि मी शोधली.

आत गेले. म्हटलं, "हे रं कुटं शिकलास?"

दचकला. मग म्हणाला, "तू ताईच्या पोराला घालायचीस ना गं आये? मी बगायचो."

"पुरुषानं बगायचं असतंय का ते?"

"कुनी उटवलं नाय मला," म्हणाला.

मग पोरीला पुसलं, धुरी दिली, काजळ लावलं, पेज भरवली. ती झोपली तसा तिच्याशेजारी भिंतीला टेकला आणि बसल्या बसल्या घोरायला लागला. हातात चमचा तसाच. त्याचे डोळे खोल गेलेत, रोहिणीबाई. गळ्याची हाडं दिसतात. हे तुम्हाला दिसलं नाही का? पुण्य पुण्य करत बसलात, जावयाला दुपारचं दोन तास झोपवायचं कुणी? त्याच्या हातातला चमचा मी काढून घेतला तरी त्याला जाग आली नाही.

बाहेर येऊन जरा बसले, तर तुमची ती शेजारीण, गौराबाई, गहू निवडता निवडता मला म्हणते, "तुमचा राजेश म्हंजे निस्ती बाईच झालाय बगा." आणि हसली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई झालाय तर झालाय, तुमच्या घरात एक तरी पुरुष झालाय का? तो बगा, दुपारी खाटेवर पडून मोबाईल बगतोय, त्याला पोटचं पोर वळखतंय का, इचारा!" ती गहू घेऊन आत गेली. आता तुम्हाला तिच्याशी बोलायला अवघड जाईल. जाऊ दे.

पण म्हणून तुमचं सगळं पटलं असं समजू नका. बापाचं करणं घरात. देवळात रीत. जावळ मामाच्याच मांडीवर, आणि भावकीसमोर राजेश लांब उभा राहील. मी त्यालाही सांगून आले. तो "बरं" म्हणाला. नेहमी बरंच म्हणतो, त्यामुळे अजूनच जीव जळतो.

दिवस ठरला. ४ मे, रविवार. साईराजला बजावून सांगा.

अंबाबाई


शिळफाटा
२८ एप्रिल २०२५

अंबाबाई,

हे पत्र लिहायला हात धजत नाही, पण फोनवर बोलायला त्याहून धजत नाही.

साईराज येत नाही. त्याच्या ऑफिसचं काही काम त्याच सुमाराला आलंय. मी पुष्कळ बोलले. ओरडले, रडले, शेवटी फोन ठेवून दिला. त्याने परत फोन करून तोडगा सुचवला. म्हणतो, "आई, मी व्हिडिओ कॉलवर येतो. फोन समोर ठेवा. मी बघेन."

मी त्याला एवढ्या कष्टाने वाढवलं ते याचसाठी का, असं मला वाटून गेलं. मुलींना सासरी नीट वागायला शिकवतो आपण. मुलांना काय शिकवतो? मी एकटीने त्याला डॉक्टरकडे नेलं, शाळेत घातलं, त्याची फी भरली, पण तुझ्या बहिणीसाठी, तिच्या लेकरासाठी एक दिवस काढायचा असतो, हे शिकवायचं राहून गेलं की काय, कोण जाणे. मला त्याचा इतका राग आलाय, की त्याचं नावही घ्यावंसं वाटत नाही.

सुरभीचा एक लांबचा मावसभाऊ कर्जतला असतो, नवीन नावाचा. चांगला मुलगा आहे. तो मामा म्हणून बसायला तयार आहे. आरोहीने त्याला कधी पाहिलेलं नाही.

मी येणार नाही. गुडघ्यांचं कारण सांगा. तुमच्या भावकीसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू? माझ्याच मुलाने मला खाली बघायला लावलं.

तुमची,
रोहिणी


भिवपुरी
३० एप्रिल, आखितीचा दिवस

रोहिणीबाई,

व्हिडिओ कॉल! मामाची मांडी फोनमधून कशी येणार, ते त्या साईराजला विचारा आणि मला कळवा! आमच्याकडे मामा बैलगाडीतून यायचे, चिखलातून यायचे. माझ्या राजूच्या जावळाला माझा भाऊ अंगात ताप घेऊन आला होता. पुणे काय सातासमुद्रापलीकडे आहे?

आणि तुम्ही नाही येत म्हणजे काय? त्याने शेण खाल्लं, तर तोंड तुम्ही का लपवता? गुडघ्यांचं मी कुणाला सांगणार नाही. खोटं बोलायची मला सवय नाही. मुकाट्याने या.

अंबाबाई


भिवपुरी
६ मे २०२५

रोहिणीबाई,

तुम्ही आला नाहीत. माझ्या पत्राला उत्तरही दिलं नाहीत. सुरभी देवळाच्या पायरीवरून सारखी रस्त्याकडे बघत होती. ते सुनेचं बघणं मला सहन झालं नाही, म्हणून पहिला राग तुमच्यावर. तो नोंदवून पुढचं सांगते, कारण तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको.

मांडव चांगला घातला होता. केस उतरवायला कोंडी आला होता, राजेशचं जावळही त्यानेच केलं होतं. नवीन बिचारा नवा सदरा घालून पाटावर बसला. समोर फोन नारळाला टेकवून ठेवला, त्यात तुमचा साईराज. पोरीला नवीनच्या मांडीवर ठेवलं मात्र, तिने जो टाहो फोडला! कमानीसारखी मागे वळली, पाय झाडले, नवीनचा सदरा भिजवला. फोनमधून साईराज "आरू, इकडे बघ, मामा बघ" करतोय. मग तोंड वासलेलंच राहिलं त्याचं, चित्र अडकलं. बरं झालं.

सुरभी पुढे झाली, तर भावकीतल्या बायका म्हणाल्या, आईने नाही घ्यायचं, मामानेच. कोंडीने दोनदा वस्तरा टेकवला आणि दोनदा उचलला. शेवटी खाली ठेवला. म्हणाला, "वैनी, पोर हालतंय. रगत निगंल. मी नाय हात लावनार."

राजेश कुठे होता? देवळाच्या मागे. मालकांनीच त्याला सांगितलं होतं, "तू दिसलास तर ती तुज्या गळ्यात पडंल. मागं उबा ऱ्हा." मी मागे गेले. तो भिंतीला कपाळ लावून उभा होता. हातात पोरीचा टॉवेल, मुठीत आवळलेला. पोर पलीकडे त्याच्याच नावाने "बा, बा" करून गळा फाडते आहे आणि हा माझा शब्द पाळतोय. मला म्हणतो, "आये, लवकर आटपा गं. माझ्यानं ऐकवत नाय."

मी त्याचा दंड धरला आणि ओढत मांडवात आणला. नवीनला म्हटलं, "ऊठ बाबा, तुजी काय चूक नाय." राजेशला पाटावर बसवलं आणि पोर त्याच्या मांडीवर दिली.

थोरले दीर म्हणाले, "अंबे, थोरली मानसं बसल्यात हितं."

म्हटलं, "बसल्यात तर बसू द्या. उटून काय दिवा लावनार हायेत? हिचा ताप कुनी काडला? हिला कोन न्हाऊ घालतं? हिच्यासाटी रात रात कोन मशिनीवर उबं ऱ्हातं? ज्याला हे सांगता येत आसंल त्यानं मांडी घालून बसा हितं!"

कुणी बसलं नाही. मालक खाली बघत होते. राजेशने पोरीच्या कपाळावर तळहात ठेवला. तिचे हुंदके हळूहळू उतरले, आणि ती त्याच्या सदऱ्याच्या बटणाशी खेळायला लागली. कोंडीने वस्तरा चालवला. एक ओरखडा नाही उठला.

माणसं जेवली, गप्प गप्प गेली. आता बोलतील वर्षभर. बोलू देत.

खरं सांगू का? शिमग्यापासून माझ्या पोटात जो राग होता तो राजेशचा नव्हता. तो नळावर लंगोट धुवायला निघाला तेव्हा माझ्या मनात आलं, असं करता येतं? मी राजूला बांधावर झोळीत टाकून भातलावणी केली. तापलेलं पोर काखेत घेऊन वीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या. मला वाटायचं, पुरुषाच्या हाताला ते जमतच नसेल, जसं बैलाला दूध नसतं तसं. त्याचा काय राग धरायचा? आणि माझ्याच पोटचा पोर सगळं करून दाखवतो. म्हणजे जमत होतं. म्हणजे पुरुषांनी नुसतं केलं नाही. एवढी वर्षं मी ज्याला वळण वळण म्हणत आले ते हे. माझा संताप झाला तो याचा, आणि काढला मी तुमच्यावर आणि त्या गरीब पोरावर. राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

सोमवारपासून मी शिळफाट्याला येते आहे. लावणीला सुरुवात होईपर्यंत राहीन. दुपारी पोर माझ्याकडे आणि राजेश अंथरुणावर. म्हशीला मालक चारा घालतील, स्वतःची भाकरीही थापतील. तुम्ही अंगणवाडी सोडायचं नावसुद्धा काढलंत तर माझ्याशी गाठ आहे.

एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर राजेश सतरंजीवर आडवा झाला तो झोपलाच. सुरभी भांडी आवरत होती. मी गोटा केलेली आरोही उचलली आणि मालकांच्या मांडीवर नेऊन ठेवली. ते चपापले, इकडे तिकडे बघायला लागले. म्हटलं, "तुमचे वडील जाऊन जमाना झाला. आता ह्या घरात तुमच्यापेक्षा थोरलं कोन उरलंय? कुनाला लाजताय?"

त्यांना धरता येईना. एक हात कुठे, दुसरा कुठे. मी दाखवलं नाही. बराच वेळ तिच्याकडे बघत बसले, मग हळूच म्हणाले, "आपला राजू एवडा व्हता तवा मी कुटं व्हतो गं?"

म्हटलं, "हितंच. दोन हातांवर. मी हाका मारत व्हते."

आरोहीने त्यांची मिशी मुठीत धरली आणि ओढायला लागली. त्यांना सोडवता येईना, माझ्याकडे बघायला लागले. मी सोडवायला गेले नाही. म्हटलं, शिका.

अंबाबाई